मोठीआईचं गाणं

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. आता मला ओळखणारं कुणी हे वाचेल तर हसेल — ही बाई, आणि हिच्या पोटात न सांगितलेलं काही? वडखळच्या नाक्यावर एसटीची वाट बघताना मी शेजारच्या अनोळखी बाईला बाळंतपणापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं सांगून मोकळी होते. शाळेत मी गेले नाही, थोरल्या पोराच्या पुस्तकांवर बोट फिरवत फिरवत वाचायला शिकले, तेही गावाला सांगून सांगून गाव कंटाळलं. पण हे नाही. हे तोंडाशी आलं की मी दुसरंच काहीतरी सुरू करते. बघा — आत्ताही तेच चाललंय.

माझी मोठी जाऊ कमळा. मी तिला वयनी म्हणायची, माझी पोरं मोठीआई म्हणायची. ती निडीकडची, भाताच्या नि वालाच्या शेतावर वाढलेली. लग्न होऊन आमच्या खाडीकाठच्या गावात आली आणि मिठागरावर मीठ ओढायला लागली. खाऱ्या पाण्यानं पायांना भेगा पडायच्या, पण तक्रार नाही. बोलायचीच कमी. घरात बोलायचं काम माझ्याकडं होतं.

तिला मूल झालं नाही. मला तीन. ऊन चढायच्या आत ती मिठागरावरनं परत यायची, मी सुक्या मासळीची टोपली घेऊन पेणच्या बाजाराला निघायची, आणि पोरं तिच्या मांडीवर. मी संध्याकाळी यायची तेव्हा पोरं न्हालेली, जेवलेली, निजलेली. आणि थोपटताना ती एक गाणं म्हणायची, अगदी हळू, म्हणजे दारात उभं राहिलं तरच ऐकू येईल इतकं —

नीज रे बाळा, खाडी निजली,
भरती बांधाच्या कुशीत शिरली,
येशील तवा ये, घाई नाय,
दार हाय उघडं, जागी हाय माय.

मी एकदा विचारलं, "हे कुणाचं गो, वयनी? आमच्या आईकडं नव्हतं कधी ऐकलं." तर लाजली. म्हणाली, "माझंच. मीठ ओढताना जुळलं. कुणाला बोलू नको."

"आणि पोरगं तर मांडीवर निजलंय, मग येशील तवा ये कुणाला?"

"जो यायचाय त्याला," म्हणाली. आणि माझ्या पोराच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

तेव्हा ती अजून वाट बघत होती. पुढं वाट बघायचं वय सरलं, पण गाणं राहिलं. माझी तिन्ही पोरं त्या गाण्यावर मोठी झाली. मला ते माहीत होतं. गावात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

मग पोरांची पोरं झाली. नातू गावच्या शाळेत जायला लागला. दोन खोल्यांची शाळा, पुढं अंगण, अंगणाला चिंच. तिथं एक नवीन बाई आल्या, साताऱ्याकडच्या, वयानं लहान पण उत्साही. त्यांनी आजीचा तास सुरू केला. म्हणजे शनिवारी गावातल्या म्हाताऱ्यांनी शाळेत यायचं आणि पोरांना आपल्याला येईल ते शिकवायचं. एकीनं सागरगोटे शिकवले, एकीनं आंब्याच्या पानाची पिपाणी. आम्हाला मजा वाटली. ज्या शाळेच्या पायरीवर कधी चढलो नाही तिथं आम्ही गुरुजी झालो.

एका शनिवारी गाण्यांचा तास ठरला. बाई म्हणाल्या, पुस्तकात नाहीत अशी तुमची घरची गाणी म्हणा. मी फळ्यावर लिहून घेईन, पोरं पाठ करतील आणि संमेलनात सगळ्या गावापुढं म्हणतील. मी म्हटलं, गाण्यांचं माझ्यावर सोडा. नातवाला तर आठवडाभर सांगत होते, बघ तुझी आजी कशी म्हणते.

मला दोन ओव्या चांगल्या येत होत्या. शनिवारी आम्ही ओळीनं बसलो आणि पहिलीच ओवी बामाबाईनं म्हणून टाकली. तिच्या पुढचीनं दुसरी. त्या काय माझ्या एकटीच्या थोड्याच होत्या, सगळ्या गावाच्या जात्यावरच्या. मग माझी पाळी. नातू पुढच्या रांगेत, शेजारच्या पोराला कोपरानं ढोसतोय, आता माझी आजी. माझ्या डोक्यात काही येईना. आणि एरवी जिचं तोंड मिटत नाही ती बाई सगळ्यांसमोर गप्प बसली तर —

मी वयनीचं गाणं म्हटलं.

ती माझ्या शेजारीच बसली होती. गुडघ्याला गुडघा लागून.

गाणं झालं. बाईंनी ते फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, "आजी, हे तुम्ही रचलंत?" तेव्हा तरी मला नाही म्हणता आलं असतं. काय लागतं नाही म्हणायला? मी म्हटलं, "व्हय, थोरला पोटात होता तवा जुळलं. म्हणून तर येशील तवा ये." अर्थसुद्धा मीच लावून दिला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी गाण्याखाली माझं नाव घातलं.

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, वेळ निभावायला केलं. पण एवढंच नाही. मघाशी एक सांगायचं मी टाळलं. शाळेकडं येताना बांधावर वयनी मला म्हणाली होती, "आज मी पण म्हणीन म्हणते. ते माझं." एवढं बोलून पदर सारखा करत राहिली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा लोकांत गाणार होती. मीच म्हटलं होतं, म्हण की गो, घाबरायचं काय.

म्हणजे मला माहीत होतं. तिच्याकडं ते एकच होतं, आणि माझ्यानंतर तिचीच पाळी होती, हेही माहीत होतं.

बाई म्हणाल्या, "आता तुम्ही, आजी." वयनी उभी राहिली. फळ्याकडं बघितलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी बघितलं. मग म्हणाली, "मला काय येत नाय."

"काहीही म्हणा, आजी. एखादी अंगाई?"

ओळीतनं बामाबाई बोलली, "तिला कुठली येतेय अंगाई, बाई? पाळणा हलवलाय कुणाचा तिनं?"

बायका हसल्या. थट्टाच होती, आमच्यात चालायची. वयनी खाली बसली.

आणि मी — हे लिहायलाच मी बसलेय, बाकीचं सगळं इथवर येण्यासाठी होतं — मीसुद्धा हसले. माझी तीन पोरं जिनं थोपटली तिच्यावर मी हसले. मोठ्यानं नाही. पण तिनं बघितलं.

घरी येताना ती पुढं चालली, मी मागं. मी वाटभर बडबडत होते, कोळंबीचा भाव, रोह्याला दिलेल्या लेकीचा निरोप. ती हं हं करत होती.

संध्याकाळी थोरला नागोठण्याहून कंपनीतनं आला. पहिली शिफ्ट होती. नातू ओट्यावर तेच गाणं घोळवत होता. थोरला चपला काढता काढता थांबला. "आई, हे तर मोठीआईचं ना? आम्हाला म्हणायची ती."

वयनी तिथंच सुपात तांदूळ पाखडत बसली होती.

मी म्हटलं, "माझंच रे. तिला मीच शिकवलं होतं. मी बाजारात, मग म्हणणार कोण तुम्हाला?"

त्यानं वयनीकडं बघितलं. पोराला खरं काय ते तिच्याकडनं हवं होतं. तिनं सूप थांबवलं नाही. म्हणाली, "तुझ्या आईचंच ते, बाबा. मला कुठं जुळवता येतंय." आणि मला म्हणाली, "भात बघ गो, करपल."

तिनं मला सांभाळलं की माझ्यावरनं मन काढून घेतलं? मी कितीदा विचार केला. मला कळलं नाही. विचारायचं धाडस नव्हतं, हे मात्र कळलं.

त्यानंतर ती कधी गायली नाही. मला नात झाली तेव्हा तिला मांडीवर घेऊन नुसती थोपटत बसायची. मी आतल्या खोलीत कान देऊन उभी राहायची. काही ऐकू यायचं नाही.

ती पुढं बरीच वर्षं होती. एकाच घरात, एकाच चुलीवर. शेवटच्या आजारात अंथरुणाशी मीच बसायची, तिचे पाय चोळायची, सगळ्या गावाच्या गोष्टी सांगायची. एवढं सोडून. ती गेली त्या सकाळी मी तिला माशांच्या जाळ्याबद्दल काहीतरी सांगत होते.

शाळेत ते गाणं अजून म्हणतात. बाई बदलून गेल्या, दुसऱ्या आल्या, पण आजीचा तास राहिला, आणि संमेलनात पहिलं गाणं तेच. यंदाही मला बोलावलं. खुर्ची दिली, शाल घातली, माईकवर माझं नाव घेतलं. थोरला पुढच्या रांगेत बसला होता. पोरांनी सुरात म्हटलं — येशील तवा ये, घाई नाय.

खाली उतरल्यावर पहिलीतली एक पोर जवळ आली. शालीचं टोक धरून म्हणाली, "आजी, मग ते बाळ आलं काय?"

मी म्हटलं, "आलं की. तो काय, तिथं बसलाय."

यंदा म्हटलं हे मी. वयनी जाऊन इतकी वर्षं झाल्यावर.