रेघेखालचं नाव

"रेघ कुठेतरी ओढावीच लागते," असं त्या म्हणायच्या आणि खरोखरच ओढायच्या. प्रवेशाची यादी कॉम्प्युटरने लावलेली असे, तरी त्या ती छापून घेत, स्टीलची पट्टी ठेवत आणि शेवटच्या जागेखाली पेन्सिल फिरवत. हात कधी हलला नाही.

सिंगापूरच्या एका विद्यापीठाच्या ॲडमिशन ऑफिसात आम्ही दोघीच मराठी. त्या मूळच्या साताऱ्याच्या, लग्न होऊन इथे आल्या आणि पुढे इथल्या नागरिक झाल्या. मी त्यांना ताई म्हणे.

परदेशी विद्यार्थ्यांच्या जागांना मर्यादा असावी की नाही, यावर आमचा जेवताना वाद व्हायचा. हुशार मूल कुठूनही येवो, असं माझं म्हणणं. ताई डबा उघडत म्हणायच्या, "माझा मुलगा इथल्या सक्तीच्या सैन्यसेवेत दोन वर्षं काढून आला. इथल्या पोरांनी इथे जागा मागायची नाही, तर कुठे? बाहेरच्यांनी यावं, पण मोजून."

त्या कठोर होत्या असं मात्र समजू नका. एकदा सोलापूरहून कुणा वडिलांचा मुलीच्या प्रवेशासाठी फोन आला. ताईंचं आडनाव मराठी दिसल्याने त्यांना धीर आला होता. "मॅडम, शेंगाची चटणी पाठवतो." ताईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चटणी मुलीलाच द्या. आणि आज तिच्याकडून दुसरीकडे अर्ज भरून घ्या. उद्या नको, आजच."

एका वर्षी समितीत प्रश्न निघाला, परदेशी म्हणायचं कोणाला? एका तरुण प्राध्यापकाने विचारलं, "आईवडिलांच्या नोकरीच्या पासवर लहानपणापासून इथेच वाढलेली, इथल्या शाळेत शिकलेली मुलं?" ताई म्हणाल्या, "पासपोर्ट पाहायचा. नाहीतर आपण प्रत्येकाची गोष्ट ऐकत बसू." सगळ्यांना पटलं. टिपण मी घेत होते. ते वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं.

पुढच्याच वर्षी सईचा अर्ज आला.

सई यिशुन भागात ताईंच्या समोरच्या इमारतीत राहायची. वडील जहाजावर इंजिनीअर. ती तीन वर्षांची असताना कुटुंब इथे आलं. कायम राहण्याची परवानगी त्यांना दोनदा नाकारली गेली होती. शाळा सुटली की सई ताईंकडे येई. "मावशी, भूक लागली ला." वाक्याच्या शेवटी 'ला' लावायची इथल्या मुलांची सवयच. ताई रागवत, "हे 'ला' कुठून आणलंस?" "शाळेतून ला." हा किस्सा ताईंनी मला किती वेळा सांगितला असेल.

मुलगी ओळखीची आहे, असं ताईंनी साहेबांना आपणहून सांगितलं. म्हणून तिचा अर्ज मी तपासला. गुण चांगले होते, पण तिच्या वरची मुलं आणखी चांगली. परदेशी मुलांची यादी छापून झाली, ताईंनी पट्टी ठेवली. सईचं नाव रेघेच्या खाली, दुसरं.

"पट्टी सरकली नाही ना?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"मग झालं."

नकाराचं पत्र मिळालं त्या संध्याकाळी सई त्यांच्याकडे गेली. दुसऱ्या दिवशी ताईंनी मला सांगितलं. "ती म्हणाली, मावशी, मी इंटरनॅशनल कशी? मी दुसरीकडे कधी राहिलेच नाही. मी म्हटलं, नियम आहे बाळा. तर म्हणाली, कोणी केला?"

"मग तुम्ही?"

"मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तेव्हा दार उघडंच होतं."

सई पुण्याला कॉलेजात गेली. तेव्हापासून ताई बदलल्या. आमच्या आवारात हजारो मुलं, आणि सगळ्यांच्या तोंडी 'ला'. जिन्यात मागून कुणी 'ला' म्हणालं की त्या वळायच्या. दुसऱ्याच कुणाचा तरी चेहरा दिसायचा. मग म्हणायच्या, "चल, उशीर होतोय."

इथे शिकलेल्या मुलांना वेगळं मोजावं, असं एक पानी निवेदन त्यांनी समितीला दिलं. अध्यक्ष अगदी नम्रपणे म्हणाले, "पण मागे तुम्हीच..." आणि त्यांनी माझं टिपण वाचून दाखवलं. ताईंनी मान हलवली. निवेदन फाइलला लागलं. त्या वर्षीच्या यादीचा कागद आणि पट्टी त्यांनी माझ्यापुढे सरकवली. "तू कर," म्हणाल्या.

दिवाळीत त्या पुण्याला जाऊन सईला भेटून आल्या. मी विचारलं, "कशी आहे?"

"बरी आहे. मराठी आता एकदम स्वच्छ बोलते." बराच वेळ त्या चमच्याने आमटी ढवळत राहिल्या. "तासभर बसलो आम्ही. काय खाणार विचारलं, रिक्षापर्यंत सोडायला आली. पण तासाभरात तिने मला एकदाही कुठलीच हाक मारली नाही."

त्यानंतर ताई नोकरीत फार दिवस राहिल्या नाहीत. निरोपाला केक कापला, फोटो काढले. फोटोत त्या कॅमेऱ्याकडे बघत नाहीत.

यंदा मी कामासाठी यिशुनला गेले होते. दुपारची वेळ. त्यांच्या इमारतीसमोरच्या बस स्टॉपवर ताई बसलेल्या दिसल्या. मी शेजारी बसले. एक बस आली, थांबली, गेली. मग दुसरी.

"कुठे जायचंय ताई?"

"कुठे नाही." त्यांनी समोरच्या इमारतीच्या पाचव्या मजल्याकडे हनुवटी केली. "त्या खिडकीत ती अभ्यासाला बसायची. तिचे आईवडीलही घर सोडून गेले आता."

खिडकीबाहेर बांबूच्या काठीवर कपडे वाळत होते. शाळेचा एक छोटा गणवेश होता, बाही वाऱ्याने वर-खाली होत होती. ताई एकटक बघत होत्या.

"कुणाचं मूल आहे कोण जाणे," त्या म्हणाल्या.