बिल्ला नंबर ४१७

मी शाळेत विज्ञान शिकवते. असले अनुभव सांगणाऱ्यांना आजवर तोंडावर हसत आले. तुम्हीही मला खुशाल हसा... पण आधी ऐकून घ्या.

माझे वडील, आमचे दादा, कर्नाटकातल्या एका सोन्याच्या खाणीवर हजेरी क्लार्क होते. खाली उतरताना प्रत्येक कामगार फळ्यावरचा आपला पितळी बिल्ला सोबत न्यायचा, वर आला की परत अडकवायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस अजून खाली. एकदा ४१७ नंबरचा मुनियप्पा वर आलाच नाही. कचेरीने लिहून टाकलं, पळून गेला. दादा भांड भांड भांडले, पण कुणी ऐकलं नाही. मग त्यांनी तो खिळा शेवटपर्यंत रिकामाच ठेवला. मुनियप्पाची बायको मात्र गावात नवऱ्याने टाकलेली म्हणून जगली.

पुढे खाण बंद पडली, वस्ती ओस पडली. फळा भंगारात निघाला तेव्हा मी हट्टाने तो नाशिकला आणला, द्वारकेजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये. २००४ चा मे महिना. जुन्या कामगारांची मुलं तिकडे खाणीचं म्युझियम करणार होती, त्यांना तो पुसूनबिसून द्यायचा होता.

आणि इथे मी माती खाल्ली. एकच खिळा रिकामा बरा दिसेना, म्हणून तांबटाकडून ४१७ नंबरचा नवा बिल्ला करून आणला आणि अडकवला.

दुसऱ्या दिवशी बाजारातून आले, तर बिल्ला जमिनीवर. परत लावला, परत पडला. आमच्या ह्यांनी खिळ्यालाच नावं ठेवली आणि पक्कडीने तो वर वाकवला. तिसऱ्या दुपारी आम्ही दोघं समोरच चहा घेत बसलो होतो — खण्ण! उचलला तर बिल्ला गार आणि चिखलाने ओला. मे महिन्यात, तिसऱ्या मजल्यावर.

ह्यांनी बिल्ला माझ्या हातातून घेतला, उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "दादांनी तो रिकामा ठेवला होता ना? मग तू कोण भरणारी?"

मला स्वतःचीच लाज वाटली. म्युझियमवाल्यांना फोन करून सांगितलं, खिळा रिकामाच राहील आणि खाली लिहायचं : 'मुनियप्पा. खाली उतरला, वर आला नाही.' ते म्हणाले, मॅडम, रेकॉर्डमध्ये तसं नाही, उगाच जुनं कशाला उकरायचं?

"मग फळा माझ्याच भिंतीवर राहील," म्हटलं आणि फोन ठेवला.

म्युझियमवाले सहा महिने रुसले, मग आले वळणावर. उद्घाटनाला मुनियप्पाची म्हातारी बायको आली होती. तिला वाचता येत नव्हतं. तिने ती ओळ सगळ्या गावासमोर दोनदा मोठ्याने वाचायला लावली.

बिल्ला का पडायचा, चिखल कुठून आला... आजही माझ्याकडे उत्तर नाही. पण 'पळून गेला' लिहिणाऱ्यांकडे तरी कुठे होतं?