आत्यांनी मागितलेला छेरछेरा

ज्या चित्रासमोर कोणी थांबत नसे, त्याच्यासमोर आत्या खुर्ची टाकून बसायच्या. चौबे कॉलनीच्या हॉलमध्ये दर हिवाळ्यात भरणारा नवोदित कलाकारांचा महोत्सव त्याच चालवत. नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं आपापल्या कामाशेजारी अंग चोरून उभी असायची. आत्या बसल्या की, एवढं काय पाहून राहिल्या म्हणून मागे माणसं जमायची. "मी काही नाही केलं बाप्पा, माझे गुडघे दुखतात," असं वर सांगायच्या.

त्या कोणाच्याच आत्या नव्हत्या. चाळिशी ओलांडलेल्या मलाही 'पोट्ट्या' म्हणत आणि माझी मिरवायची हौस ओळखून मला दारावर उभं करत. तिथे बिघडवण्यासारखं काही नाही, असा त्यांचा समज होता.

एका वर्षी उद्घाटन नेमकं छेरछेराला आलं. पौष पौर्णिमेला आमच्याकडे मुलं दारोदार धान मागतात, आणि त्यांना नाही म्हणत नाहीत. सकाळीच एक टोळी "छेरछेरा!" ओरडत आली. पाहतो तर दाराच्या आतच धानाची भली मोठी रास! आत्यांची काय ही दूरदृष्टी, म्हणत मी ओंजळी भरभरून वाटलं. खालची फरशी दिसू लागली, तेव्हा गुढियारीची मंजू चहा पिऊन परतली.

ती रास म्हणजे तिची कलाकृती होती. पहिलीवहिली. मालधक्क्यावर पोत्यांतून सांडलेलं धान तिने आईबरोबर कित्येक दिवस वेचलं होतं. "भैया, ये आपने क्या किया?" एवढं म्हणून ती खालीच बसली. पाहुणे यायची वेळ झाली होती.

"काहून रे पोट्ट्या, तुले कोणी सांगितलं होतं दानशूर व्हाले?" आत्या म्हणाल्या. पंडरीच्या बाजारातून नवं पोतं आणतो, असं मी पुटपुटलो. मग त्या तरातरा रस्त्यावर निघाल्या, मागे मी. वळणावर टोळी सापडली. आता पोरांना दटावणार, असं वाटलं, तर आत्यांनी पदर पसरला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "छेरछेरा!"

पोरं खिदळली. "आज के दिन मना नहीं करते," त्यांचा म्होरक्या म्हणाला आणि पिशवी पालथी केली. पदर पुरेना, तेव्हा माझं नवं जाकीट कामी आलं. पाहुण्यांचे समोसे पोरांना गेले.

धानात आता घरोघरचे तांदूळ मिसळले होते. मंजू ते निवडायला लागली, मग थांबली. राशीवरून हात फिरवत राहिली.

"रहने दो, आत्या. ये भी तो घर-घर से दाना-दाना चुना हुआ है. बस, भैया को इससे दूर रखो."

मी हुश्श केलं.

"हळू रे," आत्या म्हणाल्या, "उडून जाईन सारं."

संध्याकाळी तीच पोरं आयांना ओढत घेऊन आली आणि 'ये मोर वाला, वो तोर वाला', हा माझा, तो तुझा, म्हणत दाणे दाखवू लागली. मंजू त्यांच्यामागे ताठ उभी होती.

आत्या आता लेकीकडे नागपूरला असतात. महोत्सव मंजू पाहते. छेरछेराच्या सकाळी मात्र न चुकता आत्यांचा फोन येतो.

"काय दिलं रे आज पोट्ट्यांले?"

"धान, आत्या."

"कोणाचं?"