सरांच्या केसाला हात

आमची कंपनी तेव्हा आसामात होती. पूर आला आणि फ्लड ड्यूटीची ऑर्डर निघाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी ब्रीफिंग झालं. एका तज्ज्ञ साहेबांनी पडद्यावर बाण काढून बुडणाऱ्याला कसं गाठायचं ते समजावलं. शेजारी बसलेला नाईक दत्तू माझ्या कानाशी म्हणाला, "हे तर आपल्या सरनं हिरीत शिकवलं की. बाण नव्हते, येवढंच."

दत्तू माझ्याच गावचा, भोकरजवळचा. आमच्या शाळेचं उन्हाळी शिबिर मळ्यातल्या विहिरीवर भरायचं. उद्‌घाटनाला पाहुणे यायचे, नारळ फुटायचा, पाण्याच्या महत्त्वावर भाषण व्हायचं. पाहुण्यांना पोहता येत नसे, त्यामुळे ते काठापासून बरेच लांब उभे राहत. ते गेले की शिबिर सुरू. पाठीला वाळके भोपळे बांधून आम्ही पोहायला शिकलो. मग बुडणाऱ्याला काढायला. बुडायचं काम पीटीच्या सरांकडे.

"मी बुडून राहिलो रे! ये की!"

समोरून जायचं नाही, बुडणारा मिठी मारतो. मागून जायचं, केस धरायचे, ओढायचं. पण सरांच्या केसाला हात लावायचा कसा? आम्हाला मोठ्यांच्या पायाला हात लावायचं वळण. आम्ही अदबीनं समोरून जायचो आणि सर मिठी मारून पाणी पाजायचे.

"पाण्यात कोण सर न्हाई, कोण साहेब न्हाई. धर झुलपं!"

पहिल्यांदा धरली दत्तूनं.

"शाब्बास!" सर कळवळले. "आता सोड की, गाढवा!"

ब्रीफिंगच्या दुसऱ्या दिवशी आमच्या कंपनीच्या मेजर साहेबांची बोट आमच्या समोर उलटली. त्यांनी स्वतःचं लाइफ जॅकेट एका म्हातारीला दिलं होतं. मी वायरलेसवर कळवलं, "बोट उलटली. तिघं पाण्यात. ओव्हर." जॅकेटमुळे तरंगणारी म्हातारी आम्ही वर घेतली. साहेब गटांगळ्या खात होते. दोराचं टोक घेऊन दत्तू उतरला, साहेबांच्या मागे पोचला आणि अडला. साहेबांची फौजी कटिंग. केस चिमटीत येईनात.

"काय धरू रे?"

"कॉलर!" मी ओरडलो.

साहेब मिठी मारायला वळले. दत्तू पुन्हा मागे गेला आणि त्यानं कॉलर पकडली. आम्ही दोघांना दोरानं ओढलं. साहेब वर आले.

बोट चालवणारा जवान अजून उलट्या बोटीला लटकून होता. दत्तू त्याच्याकडे परत गेला, दोर त्याच्या हातात दिला. तेवढ्यात प्रवाहातून झाड आलं. आम्ही दोर ओढला, जवान आला. दत्तूला झाड जॅकेटसकट घेऊन गेलं.

गावात त्याच्या नावाची कमान उभी राहिली. पाहुणे आले, भाषण झालं. कमानीवर नाईकाचा सुभेदार झाला आहे. असं प्रमोशन बघून दत्तू खूप हसला असता.

सर आता रिटायर आहेत, टक्कल पडलंय, तरी उन्हाळ्यात विहिरीत उतरतात. पूर्वी उघडे उतरायचे, हल्ली शर्ट घालून. यंदा एका मुलीनं पाण्यातूनच विचारलं, "सर, केसच न्हाईत. धरू काय?"

सरांनी तिच्याकडे पाठ केली.

"कॉलर धर, बाई. आमच्या दत्तूनं धरली तशी."