देव्हाऱ्यासाठी पाच गुण

तुमच्या घरात देव्हारा आहे की नाही, यावर तुमच्या मुलीचे गुण ठरावेत का?

माझे ठरले. लॉकडाऊनच्या वर्षी मी नववीत होते. शाळा धरमपेठेतली, वर्ग आईच्या मोबाइलवर. मराठीच्या मॅडमनी पुराणकथांचा प्रकल्प दिला. घरातल्या मोठ्या माणसाकडून देवांची गोष्ट ऐकायची, तिचा व्हिडिओ पाठवायचा. कथेला पाच गुण, सादरीकरणाला पाच, उच्चारांना पाच. शेवटची ओळ: घरच्या देव्हाऱ्यासमोर चित्रण, पाच. याच गुणांवर दहावीची तुकडी ठरणार होती. अ तुकडीला चांगले शिक्षक. बाकीच्यांना उरलेले.

आमच्या घरी देव्हारा नाही. छप्पन सालच्या धम्मदीक्षेपासून नाही.

मी आजीला विचारलं, देवांची कोणती गोष्ट येते तुला? तिला एकच येत होती. नरखेडकडच्या गावातली, ती नुकती लग्न होऊन आली तेव्हाची. मी मोबाइल धरला.

"दीक्षा घेऊन आलो अन् माह्या सासऱ्यानं घरातले देव टोपल्यात भरले. नदीवर नेले, सोडून देल्ले. मी मागं उभी होती. मले वाटलं, आता काहीतरी होते. काहीच नाही झालं. घरी आलो, भाकरी खाल्ली."

गोष्ट देवांचीच होती. मोठ्या माणसानं सांगितलेली होती. मी पाठवली.

मॅडमनी ती भर वर्गात स्क्रीनवर लावली. आजी "मले" म्हणाली तेव्हा कुणीतरी उघड्या माईकवर हसलं. व्हिडिओ संपला.

"हा प्रकल्प नाही, हा अपमान आहे. शून्य. सोमवारपर्यंत पुन्हा कर. देव्हारा नसेल तर शेजाऱ्यांकडून आण. एवढं तरी जमतं ना तुम्हा लोकांना?"

तुम्हा लोकांना. कॅमेरा बंद करायचंही मला सुचलं नाही.

दुपारी आईच्या मोबाइलवर अनोळखी नंबरवरून मेसेज आला. "मुलीला आवरा." थोड्या वेळानं दुसऱ्या नंबरवरून. "कुठे राहता, माहीत आहे." आईनं भरदिवसा दाराला कडी लावली.

रविवारी ती शेजारच्या काकूंचा देव्हारा उचलून घेऊन आली. मूर्तींसकट. मी नको म्हटलं, तशी आई म्हणाली,

"एक व्हिडिओच तं आहे वं. काहून अडून राहिली?"

आजीनं पांढरं लुगडं नेसलं, देव्हाऱ्यासमोर बसली, हात जोडले. मग मोबाइलकडे पाहून म्हणाली, "सांग, काय म्हणू? तुह्या मार्कासाठी म्हणतो मी."

चौसष्ट वर्षं तिच्याकडून हे कुणी करवून घेतलं नव्हतं. गावानं नाही, उपाशी दिवसांनी नाही. आता मी करवून घेत होते. तिची नात.

मी मोबाइल पालथा ठेवला.

"ऊठ आजी. नाही करत मी."

आई रडली. मी तिला समजावलं नाही. देव्हारा उचलला आणि काकूंकडे परत नेऊन दिला.

सोमवारी वर्ग सुरू होताच मी माईक उघडला. "मॅडम, माझा व्हिडिओ तोच आहे. बदलणार नाही." त्यांनी मला म्यूट केलं. मी बोलतच राहिले. शून्य तसंच राहिलं. दहावीला मला ड तुकडी मिळाली. ते नुकसान भरून आलेलं नाही, आणि आलं असं मी सांगणारही नाही.

यंदा माझी धाकटी बहीण त्याच शाळेत नववीत आहे. शाळेच्या ॲपवर तोच प्रकल्प आला आहे. देव्हाऱ्याच्या ओळीला आता दहा गुण आहेत.

मी मुख्याध्यापकांना अर्ज लिहिला. खाली पूर्ण नाव आणि पत्ता. आमचं घर कुणाला शोधावं लागू नये. उत्तर आलं नाही तर दुसरा अर्ज देईन, मग तिसरा. बहीण देव्हारा मागायला कुणाच्या दारात जाणार नाही.

तुम्हीही आज आपल्या मुलांच्या प्रकल्पाच्या सूचना उघडा. शेवटपर्यंत वाचा. अशी ओळ सापडली तर शाळेला लेखी विचारा: हे गुण कोणत्या नियमानं देता? तोंडी उत्तर घेऊ नका. शिक्का मारलेली पोच हातात पडेपर्यंत ऑफिसमधून हलू नका.