खारवलेली म्हैस

गिधाडांच्या नादी मी लागले ती शाळेतून निवृत्त झाल्यावर. "बाकी काही मिळालं नाही का तुला?" असं घरात सगळ्यांनी विचारून झालं. दिसायला म्हणाल तर देवानं कंटाळून घडवलेला पक्षी. पण मला तो आवडतो, आणि आवडीपुढे मी कुणाचं ऐकत नाही.

आमच्या लहानपणी मेलेलं ढोर गावाबाहेरच्या ढोरटाकीवर नेऊन टाकत, आणि गिधाडं दिवसभरात त्याचा फडशा पाडत. मग गुरांना दुखण्यावर एक औषध देऊ लागले. ते मेलेल्या जनावराच्या मांसात राहायचं आणि ते खाऊन गिधाडं मरायची. आता रोह्याकडच्या डोंगरात थोडीशी उरली आहेत. आम्ही चार टाळकी गावोगाव सांगत फिरतो, की औषध न दिलेलं जनावर मेलं तर पुरू नका, आम्हाला कळवा. डॉक्टर तपासतात, वनखात्याची परवानगी असते, आणि आम्ही टेम्पोतून ते डोंगराखालच्या माळावर नेऊन ठेवतो.

त्या वर्षी बेहड्याच्या उंच झाडावर एका जोडीचं पिल्लू होतं आणि माळ कितीतरी दिवस रिकामा होता. पिल्लू उपाशी मरणार, या धास्तीनं मला जेवण जात नव्हतं. अशात दादाचा फोन आला. खाडीकाठी आमचं मिठागर आहे, दादा-वहिनी तिथंच राहतात. त्यांची म्हातारी म्हैस गेली होती.

मी लगेच गेले. वहिनी गोठ्यात म्हशीशेजारी बसून होती. तिनं ती रेडकू असल्यापासून वाढवलेली. परसात माडाखाली पुरायची, असं तिनं ठरवलं होतं. मी चाचरत पिल्लाचं सांगितलं.

"आई हाय का गो त्येला?" तिनं विचारलं.

"आहे. बापही आहे. पण चारायला काही नाही."

ती बराच वेळ म्हशीची शिंगं चाचपत राहिली. मग म्हणाली, "न्या."

संध्याकाळी डॉक्टर तपासून गेले. टेम्पो सकाळी मिळणार होता. तो घेऊन पोचले तर म्हैस पांढरीफेक! नाकात, तोंडात, कानात, सगळीकडे जाडं मीठ.

"हे काय केलंस, दादा?"

"वास नको सुटाया म्हनून खारवली गो. म्हावरा नाय खारवत आपुन?" दादा अभिमानानं म्हणाला.

माझा पारा चढला. "अरे, गिधाडं आहेत ती, सुकटीचं गिऱ्हाईक नव्हे!" दादाचा चेहरा एवढासा झाला. निघेल तेवढं मीठ झटकलं आणि निघालो. वहिनी हट्टानं टेम्पोत चढली, मागोमाग दादाही.

माळावर म्हैस उतरवून आम्ही झुडपाआड बसलो. बेहड्यावरून एक गिधाड खाली आलं, म्हशीभोवती फिरलं, डोळ्यापाशी चोच घातली आणि मान झटकून उडून गेलं. मग कावळेसुद्धा फिरकेनात. मला रडू यायचं बाकी होतं. वहिनीला वेगळंच लागलं होतं.

"माज्या म्हशीला गिधाडाबी नाकारतात?" असं म्हणून ती उठली. "पानी आना."

खालच्या ओढ्यात डबकं होतं. दादा टेम्पोतले कॅन भरून आणू लागला. वहिनीनं पदर खोचला, पेंढ्याचा बोळा केला आणि म्हशीला आंघोळ घालायला घेतली. पाठ, पोट, कानामागं, शिंगांच्या बुडाशी. तोंडात पाणी सोडून बोटांनी मीठ काढलं. "सर गो वायच," असं ती सवयीनं म्हशीला म्हणाली आणि हात तसाच थांबला. मग पुन्हा चोळू लागली. मी बोळा मागितला तर दिला नाही.

आम्ही परत आडोशाला गेलो. उन्हं कलायला लागली तेव्हा एक गिधाड उतरलं. मग दुसरं. मग कुठून कुठून आली आणि माळावर झटापट सुरू झाली. मी वहिनीच्या डोळ्यांवर हात धरला. तिनं तो बाजूला सारला.

पोट तट्ट झालेलं एक गिधाड जड पंखांनी बेहड्यावर गेलं. मी दुर्बीण वहिनीला दिली आणि घरट्याची फांदी दाखवली. तिला आधी नुसती पानंच दिसत होती. मग तिनं दुर्बीण घट्ट धरली.

"चोच उघडलान," ती म्हणाली. "आई भरवते त्येला. खाल्लान गो, पोरानं खाल्लान."

आणि म्हैस गेल्यापासून पहिल्यांदाच ती मोठ्यानं रडली.