टेनिसची नुरा

मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क असतो म्हणतात. आमच्या मामांना मात्र तो मान्य नव्हता. संकेश्वरकडचा ऊसवाला, कुस्तीचा वेडा माणूस तो! आणि मी बेळगावच्या कॅम्पातल्या एका कचेरीत कारकून, छातीपेक्षा चष्मा मोठा. निपाणीकडचा एक पैलवान त्यांच्या मनात भरला होता. "फुकलं तर उडंल ह्यो," असं त्यांनी माझ्या आईला, म्हणजे सख्ख्या बहिणीला, तोंडावर सांगितलं.

मला ते झोंबलं. पुढच्या भेटीत मी म्हणालो, "मामा, कुस्ती घटकाभरात उरकते. टेनिसमध्ये माणूस दोन-दोन तास पळतो. बघाल तर तोंडात बोट घालाल."

"मग दाव की!" मामा म्हणाले. "दम असला त्या खेळात, तर पोरीचं बघू."

आता आली का पंचाईत! इंग्रजांचा अंमल होता. क्लबातले सामने साहेब आणि त्यांचे पाहुणे बघणार, आम्हाला फाटकाशी उभं करायला कोण तयार होतं? पण साहेबांबरोबर खेळायला क्लबानं ठेवलेला पगारी खेळाडू माझ्या ओळखीचा होता. तो म्हणाला, "मुंबईचे दोन पगारी खेळाडू आलेत. सामन्यांच्या आदल्या दिवशी सकाळी सराव करतील. कुंपणाबाहेर गुपचूप उभे राहा." मी मामांना बोलावणं धाडलं. त्यात सराव हा शब्द घातला नाही.

मामा सर्व्हिस मोटारीनं आले, नवा कोरा पटका बांधून. "फड मोठा हाय न्हवं?" उतरता उतरता विचारलं.

"तर! मोठा सामना आहे," मी ठोकून दिलं.

मैदानाची तांबडी माती बघून त्यांचा चेहरा खुलला. तारेखालून चिमूटभर उचलून त्यांनी हुंगली. "आखाड्यावानी ताक-हळद काय घातल्याली दिसत न्हाय," म्हणाले, पण कपाळाला लावली.

खेळ सुरू झाला. उंच खेळाडू चेंडू हलकेच टाकायचा आणि ठेंगणा तो तसाच परत द्यायचा. पुन्हा तिथंच, पुन्हा तसाच.

"ह्यो त्येच्या हातातच का घालतोय रं?"

"सुरुवात आहे, मामा."

मग ठेंगण्यानं एक चेंडू भलताच मारला. उंच खेळाडू हसला आणि दुसरा चेंडू काढून अलगद त्याला दिला. एवढंच नव्हे, पुढच्या फटक्याला त्यानं "वाहवा" केली. मामा ताडकन पुढे सरसावले.

"नुरा! नुरा हाय ही! दोघं ठरवून आल्यात! लोकास्नी येडं समजताय व्हय रं?"

दोन पैलवान आतून संगनमत करून लढण्याचं सोंग करतात, त्या कुस्तीला आमच्याकडे नुरा म्हणतात. असल्या जोडीला लोक ढेकळांनी मारतात. मामांचा आवाज जत्रेत कुस्ती थांबवणारा. क्लबातले वेटर धावत बाहेर आले. खेळाडू थांबले. माझा क्लबातला मित्र पांढराफटक पडून कुंपणापाशी आला, "काय म्हणतायत हे? माझी नोकरी घालवता काय?"

बोललो तर पोरगी निपाणीला जाते आणि गप्प बसलो तर दोन भले खेळाडू लबाड ठरतात, मित्रही रस्त्यावर येतो. लाज वाटते सांगायला, पण मी क्षणभर गप्प बसून पाहिलं. मग मामांनी ढेकूळ उचललं.

"मामा, टाका ते! सामने उद्या आहेत, आपल्याला आत सोडत नाहीत. ही नुसती तालीम आहे. मी खोटं बोललो."

ढेकूळ मामांच्या हातातच राहिलं. मग ते खाली टाकून त्यांनी खेळाडूंना हात जोडले आणि माझ्याकडे वळले. "तालीम हाय, हे आधी सांगाय काय झालतं रं? कुस्ती कुणीबी बघतंय. तालीम आपल्याच माणसाला दावत्यात."

पायताण काढून ते मातीत बसले आणि शेवटच्या चेंडूपर्यंत हलले नाहीत. मधूनच मान डोलवायचे. "उंच हाय त्यो डावीकडं उशिरा वळतोय," एवढं एकदा पुटपुटले. मी शेजारी उभा राहून पैलवानाच्या वरातीचा विचार करत होतो.

मोटारीत चढताना मामा म्हणाले, "आईला सांग, तारीख धराया येतोय."

माझा कानांवर विश्वास बसेना. "मी खोटं बोललो तरी?"

"तुला खोटं निभावता येत न्हाय. आमची पोर साधीभोळी. तिला असलाच पायजे, न फसवणारा."

मोटार हलली. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते. बोलावणं धाडण्याआधी जत्रेत मी तिला सरावाचं सांगितलं, तेव्हा पाण्याचा तांब्या पुढे करताना त्यांची साधीभोळी पोर माझ्या कानाशी लागली होती, "सराव म्हटलासा तर आप्पा यायचे न्हाईत. सामना म्हणा."